रक्ताचा नमुना घेण्याआधी प्रश्न तपासा

एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. त्याचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, आधी महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीपुढे येतो. अशा एका समितीवर मी डॉक्टर नसलेली सदस्य म्हणून काम करते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक समितीत सर्वसामान्य नागरिकांतला एक तरी माणूस असावा लागतो. संमतिपत्र मराठीत आहे का, रुग्णाचं नाव गुप्त राहणार का, तपासणीचा खर्च कोण करणार, यावर आमचा बहुतेक वेळ जातो. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण या अभ्यासातून नेमकं काय शोधायचं आहे, यावर फारच कमी बोललं जातं. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी, आणि ही बाब फक्त डॉक्टरांच्या अखत्यारीतली नाही. त्यामागची कारणं पुढे मांडते आहे.

१. संशोधनाचा खर्च रुग्ण करतो. जनरल वॉर्डातल्या बाईचं जास्तीचं रक्त घेतलं जातं. गुडघेदुखीचा म्हातारा केवळ अभ्यासाच्या फॉलो-अपसाठी तालुक्याहून पुन्हा येतो. त्याला आणणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. रात्रपाळी करून आलेला रेसिडेंट झोप सोडून फॉर्म भरत बसतो. सरकारी रुग्णालयात यंत्रं, किट, माणसं सगळं जनतेच्या पैशाचं. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, याची मोजणी झाली होती. त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर स्कोपस या निर्देशसूचीत एकही निबंध नव्हता. निबंध छापून येणं हाच संशोधनाचा एकमेव उपयोग, असं मी म्हणत नाही. पण यातल्या ज्या संस्थांत पदव्युत्तर शिक्षण चालत होतं, तिथे प्रबंध तर दरवर्षी लिहिले जातच होते. त्यांत सामील झालेल्या रुग्णांनी जे दिलं त्याचं काय झालं, हे विचारायचा हक्क नागरिकांना आहे.

२. विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्यापुढे येणारी शीर्षकं बहुधा एकाच साच्यातली असतात: अमुक आजाराच्या रुग्णांचं क्लिनिकल प्रोफाइल, टर्शरी केअर रुग्णालयातील अभ्यास. यात आजार आहे, जागा आहे, पण कोणाला काय कळायला हवं आहे ते नाही. असा अभ्यास संपतो तेव्हा हातात टक्केवारी उरते. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतक्यांना ताप, इतक्यांना खोकला. त्यामुळे उद्या सकाळच्या ओपीडीत एकाही डॉक्टरला काही वेगळं करावं लागत नाही.

रक्तक्षयाचंच घ्या. ‘ग्रामीण स्त्रियांमधील रक्तक्षयाचं प्रमाण’ हा विषय वर्षानुवर्षं चालत आला आहे. प्रमाण आपल्याला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात गोळ्या वाटल्या जात होत्या. म्हणजे प्रमाण पुन्हा एकदा मोजून भागणार नाही. गोळी वाटूनही रक्त का वाढत नाही, तिथे जाऊन खणायला हवं. गरोदर बाईला शासनाकडून १८० दिवस रोज एक लोहाची गोळी मिळते. पण मळमळ होते, शौचाला खडा होतो, शी काळी होते. गोळीने बाळ काळं होईल, किंवा बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडेल, ही भीती अनेक गावांत ऐकू येते. गोळ्यांची पाकिटं फडताळात पडून राहतात.

आता याच विषयाचा प्रश्न करून पाहू. चौथ्या महिन्यात गोळ्या सुरू झालेल्या, हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असलेल्या गरोदर बाया घ्यायच्या. निम्म्या उपकेंद्रांत आशाताईंनी दर आठवड्याला घरी जाऊन मळमळीबद्दल विचारायचं, गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगायचं, सासूशीही बोलायचं. उरलेल्या उपकेंद्रांत आज चालतं तसंच गोळ्या मोजून द्यायच्या. ३४व्या आठवड्यात दोन्हीकडच्या हिमोग्लोबिनमध्ये किती फरक पडतो? कोणावर, काय करून, कशाच्या तुलनेत, काय मोजून: हे चार तुकडे यात आहेत. वैद्यकीय विद्यार्थी याला ‘पिको’ म्हणतात आणि परीक्षेपुरतं पाठ करतात. पण चारही तुकडे जागेवर असले की उत्तर ‘हो’ येवो वा ‘नाही’, तालुका आरोग्य अधिकाऱ्याला त्यावर निर्णय घेता येतो. मी तरी सिनॉप्सिस हातात आला की आधी हे चार तुकडे शोधते. एखादा सापडला नाही, तर पुढची पानं कितीही नेटकी असोत, अभ्यास अजून तयार नाही असंच समजते.

३. चांगला प्रश्न मोठ्या शहरातच सुचतो असं नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम यासाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वाचायला हवंच, पण इतरांनीही वाचायला हवं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं आणि तरुण माणसं दगावत. भातकापणीत, लाकडं उचलताना, घराच्या कौलांतून पडलेल्या विंचवाने. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांना हे रुग्ण भेटले. पहिला प्रश्न अगदी मूलभूत होता: हे रुग्ण मरतात ते नक्की कशाने? उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, छातीतली खरखर यांची तासातासाला नोंद केली. विषामुळे शरीरात अशी काही संप्रेरकं उसळतात की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यातून पुढे आलं. १९८२ साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पहिल्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघाला. रक्तवाहिन्या आवळल्या जात असतील, तर त्या सैल करणारं औषध चालेल का? रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध बाजारात होतंच. १९८६ मध्ये त्यावरचा अनुभव पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला, या वेळी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह. मग विंचवाच्या विषावरचं प्रतिविष उपलब्ध झालं आणि तिसरा प्रश्न उभा राहिला: प्राझोसिन देतोच आहोत, तर सोबत प्रतिविष दिल्याने रुग्ण लवकर बरा होतो का? यासाठी त्यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात चाचणी घेतली आणि २०११ मध्ये ती ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. रुग्ण होते फक्त ७०. निम्म्यांना दोन्ही औषधं, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८.

हे आकडे मी मुद्दाम दिले. संशोधनाला कोटींचं अनुदान आणि हजारो रुग्ण लागतात, असं आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. इथे ७० रुग्ण पुरले, कारण प्रश्न अनेक वर्षं घासून टोकदार झाला होता आणि फरक मोठा होता. एका तालुक्याच्या गावात, रोजचे रुग्ण सांभाळून हे झालं.

४. रुग्णालयात बसून पडणारा प्रश्न, रुग्णालयात पोचलेल्या माणसांपुरताच असतो. १९८० च्या दशकापर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असा सरकारी आणि आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांचा समज होता. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी विचारलं: ज्या बाया दवाखान्याची पायरी चढतच नाहीत, त्यांना काय काय होतं? हा प्रश्न वॉर्डातल्या केसपेपरवरून सुटणारा नव्हता. त्यासाठी गावातल्या सगळ्या बायांना विचारावं, तपासावं लागणार होतं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि स्त्रियांच्या आरोग्याची जागतिक चर्चा बाळंतपणाच्या पलीकडे सरकायला त्याने मदत केली. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीतला त्रास हे सगळं त्या बाया आपसात बोलत होत्याच. त्यांचं बोलणं तोवर कुणी प्रश्न म्हणून मांडलं नव्हतं, इतकंच.

पुढचा प्रश्न त्याहून धाडसी होता. नवजात बाळ आजारी पडलं तर रुग्णालयात न्या, हे उत्तर गडचिरोलीत निरुपयोगी होतं; रुग्णालय लांब, रस्ते नाहीत, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही रीत. तेव्हा प्रश्न असा केला गेला: गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला शिकवून तिने घरी बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन दिलं, तर बाळं वाचतील का? ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदरात ६२ टक्क्यांची घट दिसली. १९९९ साली निष्कर्ष छापले गेले आणि २०११ पासून देशभर आशांनी बाळंतिणीच्या घरी भेट देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज तुमच्या नात्यातल्या बाळाला तोलायला आशाताई घरी येत असेल, तर त्यामागे हा प्रश्न आहे. ‘रुग्णालयात येणाऱ्या नवजातांचं क्लिनिकल प्रोफाइल’ लिहून तो कधीच पडला नसता.

५. तुलना कशाशी, हा प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर महाराष्ट्रात दोन प्रचंड अभ्यास झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले: एकाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, चौथ्याला काहीच नाही. तपासणी एकदाच. आठ वर्षांत या कर्करोगाने एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, व्हिनेगर गटात ५६ आणि चौथ्या गटात ६४ स्त्रिया गेल्या. एचपीव्ही तपासणीचा फायदा उघड होता. व्हिनेगर तपासणीचा फायदा सिद्ध होण्याइतका फरक नव्हता.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात एका गटाची तीच व्हिनेगर तपासणी केली, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा, आणि ती आरोग्यसेविकांकडून. तिथे मृत्यूंत ३१ टक्के घट दिसली. दोन अभ्यास एकमेकांना खोडतात असं वाटेल. तसं नाही. एकात ‘एकदा तपासून काय होतं’ हा प्रश्न होता, दुसऱ्यात ‘पुन्हा पुन्हा तपासून काय होतं’. गावं, माणसं, वस्तीही वेगळी होती. ‘व्हिनेगर तपासणी उपयोगी आहे का’ एवढंच विचारणारा माणूस या दोन्ही निष्कर्षांपुढे गोंधळून जाईल.

आणि दोन्ही अभ्यासांत एक गट तपासणीविना होता, त्यातल्या काही स्त्रिया गेल्या. यावर पुढे देशाबाहेरूनही मोठा वाद झाला. बचाव असा होता की तेव्हा देशात कुठलीच व्यापक तपासणी चालू नव्हती, म्हणजे ‘काहीच नाही’ हीच तेव्हाची नेहमीची सेवा. आक्षेप असा की पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला ठाऊक होतं. मला आक्षेपाची बाजू जास्त पटते. गरीब बाईला आज काही मिळत नाही, म्हणून अभ्यासातही काही द्यायचं नाही, हे एकदा मान्य केलं तर सरकारी सेवा जितकी वाईट, तितका संशोधकाला तुलनेचा गट स्वस्त. पण माझं मत काहीही असो. तुलनेचा गट ठरवताना त्या वस्तीतल्या बाया खोलीत असायला हव्या होत्या, एवढं तरी मान्य व्हावं.

६. कधीकधी उत्तर आधीच असतं. हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणाऱ्या ॲप्रोटिनिन या औषधावर १९८७ ते २००२ या काळात ६४ चाचण्या झाल्या. सगळ्या मागाहून एकत्र मांडल्या, तेव्हा बाराव्या चाचणीपाशीच, म्हणजे १९९२ मध्येच, उत्तर स्पष्ट झालेलं होतं असं दिसलं. पुढच्या चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या रुग्णांना उगाचच औषधाविना ठेवलं गेलं. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ असतो, पण तो बहुधा दहा निबंधांच्या सारांशांची ओळ असते. आधी काय कळलंय आणि त्यात नेमकी कुठे फट आहे, हे सांगणारा एक परिच्छेद त्याहून मोलाचा.

७. काय मोजायचं, हे रुग्णाला विचारा. २००० साली ब्रिटनमध्ये गुडघ्याच्या संधिवातावरचं संशोधन पाहिलं गेलं तेव्हा बहुतेक अभ्यास औषधांवर निघाले, तर रुग्णांना हवी होती फिजिओथेरपीची, आजाराबरोबर जगण्याची माहिती. तिथे २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम रुग्ण, घरचे लोक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवतो. आपल्या गुडघेदुखीच्या अभ्यासांत एक्स-रेवरची फट मिलिमीटरमध्ये मोजली जाते. म्हाताऱ्या बाईला उकिडवं बसून चूल पेटवता येते का, एसटीची पायरी चढता येते का, हे कोणी लिहून घेत नाही.

८. दोष विद्यार्थ्यांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. रेसिडेंटने प्रवेश घेतल्यावर काही महिन्यांतच सिनॉप्सिस द्यायचा असतो. तोवर त्याने वॉर्डही नीट पाहिलेला नसतो. गाईड विषय देतो, किंवा वरच्या वर्षाच्या मुलाचा प्रबंध थोडा बदलून घेतला जातो. राष्ट्रीय नियमांनुसार आता प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं, पण ते तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात. म्हणजे सर्पदंशाचा रुग्ण दोन दवाखाने फिरून कसा येतो, रक्तपेढी नसलेल्या गावात बाळंतीण कशी हाताळतात, हे डोळ्यांनी दिसतं तेव्हा प्रबंधाचा विषय कधीच ठरून गेलेला असतो. जिल्ह्यातली नेमणूक पहिल्या वर्षात आणली, किंवा निदान सिनॉप्सिसआधी दोन आठवडे ग्रामीण रुग्णालयात काढायला लावले, तर प्रश्न बदलतील. एकेकट्याने पन्नास-साठ रुग्ण गोळा करण्यापेक्षा चार महाविद्यालयांच्या चार विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न वाटून घ्यावा, यालाही विद्यापीठाने मोकळीक द्यावी. प्रबंध स्वतंत्र, प्रश्न सामाईक. पन्नास रुग्णांत न दिसणारा फरक दोनशेंत दिसू शकतो.

९. नागरिक म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. एक, प्रत्येक सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मराठीत एका वाक्यात प्रश्न लिहावा, असा की रुग्णाच्या नातेवाइकाला वाचून कळेल. खाली दोन ओळी: उत्तर ‘हो’ आलं तर काय बदलेल, ‘नाही’ आलं तर काय बदलेल. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, तर अभ्यास परत पाठवावा. दोन, मंजूर झालेल्या प्रश्नांची यादी महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावी आणि तीन वर्षांनी प्रत्येकासमोर उत्तर लिहावं, निष्कर्ष निराश करणारा असला तरी. तीन, समितीतल्या माझ्यासारख्या सदस्यांना संशोधनपद्धतीचं दोन दिवसांचं तरी प्रशिक्षण द्यावं. नुसती कोरमसाठी खुर्ची भरून रुग्णांचं रक्षण होत नाही.

चौथी मागणी जिल्ह्याकडे आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक होतेच. कुठल्या पाड्यावर गोळ्या परत आल्या, कुठल्या घरी बाळाचं वजन का वाढत नाही, कोण डॉक्टरकडे जायचं टाळतं, हे तिथे बोललं जातं आणि अहवालाच्या रकान्यांत मावत नाही म्हणून हवेत विरतं. त्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘उत्तर न मिळालेले प्रश्न’ असा एक रकाना वाढवावा, वर्षअखेरीस त्यांतले दहा निवडून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवावेत, आणि तिथल्या प्रत्येक विभागाने निदान एक प्रबंध त्यांतून घ्यावा. यासाठी नव्या योजनेची, नव्या निधीची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं एक पत्र आणि अधिष्ठात्यांची सही पुरेल.